थोरला जड जातो

शनिवारी सकाळी दहाला धाकट्या सुनेनं ‘चाकोरी’ सगळ्यांच्या फोनवर पाठवली, आणि सव्वादहाला दाताचे डॉक्टर दुकानाच्या पायरीशी हजर. सायकलवरून धड उतरलेही नाहीत. एक पाय पॅडलवर, एक पायरीवर, हेल्मेट डोक्यावर तसंच, आणि थोरल्याचा ग्रीसनं काळा झालेला हात त्यांनी दोन्ही हातांत धरला.

“फार वाईट वाटलं हो,” डॉक्टर म्हणाले.

थोरला एका मागच्या चाकाचा आऊट काढत होता. आऊट काढायचा म्हणजे डुलत फिरणारं चाक एकेक तार आवळून, सैल करून सरळ फिरतं करायचं. हे काम थोरल्याइतकं कुणाला जमत नाही, असं गावात सगळे म्हणायचे; एक त्याचा बाप सोडून. चाकावर लक्ष असलं की थोरल्याला माणसाचं बोलणं अर्धंच ऐकू येतं. त्याला वाटलं, डॉक्टरांकडचं कुणीतरी गेलं.

“कधी झालं?” त्यानं आवाज उतरवून विचारलं.

“मला आत्ताच कळलं.”

“वय काय होतं?”

डॉक्टर गोंधळले. “तुमचं? अठ्ठेचाळीस ना?”

मग मात्र थोरल्यानं हातातला पाना खाली ठेवला. डॉक्टरांनी फोन पुढं केला. काळ्या बोटाचा डाग पडेल म्हणून थोरल्यानं करंगळीनं पडदा सरकवला आणि वाचलं.

*चाकोरी. आपल्या दुकानाची खबरबात.*

*या आठवड्याची सवलत: जुनी घंटी आणा, नवी निम्म्या किमतीत न्या. जुनी वाजत नसली तरी चालेल. वाजत असती तर बदलली कशाला असती?*

*ज्यांचे ब्रेक दोन गल्ल्या आधीपासून ऐकू येतात, त्यांनी कृपया आजच दुकानात डोकवावं. नावं घेत नाही. हेडमास्तर, तुम्ही तरी याच.*

*रविवारची फेरी: सकाळी साडेसहा, दुकानापासून पाण्याच्या टाकीच्या टेकडीपर्यंत. मागं राहणाऱ्यांसाठी थांबू. पुढं पळणाऱ्यांनी आमची वाट बघावी.*

*दुकानातले बदल: सव्वीस वर्षांच्या सेवेनंतर आपल्या सर्वांचे लाडके थोरले निवृत्त होत आहेत. यापुढं दुकान धाकटे चालवतील. रविवारी फेरीनंतर छोटासा निरोप समारंभ. सर्वांनी अगत्यानं यावं.*

थोरल्यानं ते दोनदा वाचलं. मग फोन परत दिला, डॉक्टरांना म्हणाला, “तुमच्या पुढच्या चाकात हवा कमी आहे, भरून घ्या,” आणि जिन्यानं वर गेला. दुकानाच्या डोक्यावरच घर. सोळा पायऱ्या. आज त्याला त्या नको इतक्या वाटल्या.

*

वर काय वाजलं होतं ते जिन्यातच ऐकू येत होतं.

“निवृत्त?” थोरली सून म्हणत होती. “अठ्ठेचाळिसाव्या वर्षी? आणि ‘छोटासा’ समारंभ? मोठा परवडत नव्हता वाटतं?”

“वहिनी, मी फक्त छापलं!”

धाकटी खिडकीपाशी उभी होती आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. खरं सांगायचं तर काल संध्याकाळी तिला थोडं बरंही वाटलं होतं. थोडंच. आपला नवरा आता दुकानाचा मालक, हा विचार मनात आला तेव्हा गुदगुल्या झाल्या होत्या हे ती कुणापाशी कबूल करणार नाही. आपण मात्र करून टाकू. पण त्यापुढं तिला थोरल्या दिराची कीवही आली होती, आणि म्हणून तर तिनं ‘लाडके’ घातलं होतं. ‘अगत्यानं’ पण तिचंच.

चूक म्हणाल तर तिची काय होती? दुकानात कामाच्या टेबलामागं दोन खिळे होते. डावा कामाचा: कुठल्या सायकलला काय करायचं त्याच्या चिठ्ठ्या. उजवा ‘चाकोरी’चा: गावाला जे सांगायचं ते. मागं एकदा तिनं उजव्या खिळ्यावरच्या चिठ्ठीचा अर्थ आप्पांना विचारला, तर सासरेबुवा चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत आणि पाचव्या दिवशी जाहीर केलं, “उजव्या खिळ्यावर जे असेल ते छापायचं. शंका विचारायच्या नाहीत. मी काय गंमत म्हणून लिहितो?” तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला होता.

“हे बघा,” ती म्हणाली आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली. “काल उजव्या खिळ्यावर होती.”

आप्पांचं अक्षर. तिरकं, दाबून लिहिलेलं, शंकेला जागाच नाही. थोरली मोठ्यानं वाचायला लागली आणि वाचता वाचता तिचा आवाज बारीक झाला.

“‘थोरला आता झेपत नाही. जड जातो. काढून टाकायचा. धाकटा बसवायचा, त्याच्यावर आरामात चालेल. रविवारच्या आत. चर्चा नको.’”

मग थोरली धाकटीकडं वळली. “याचं तू ‘लाडके’ केलंस?”

“मग काय करू वहिनी? ‘जड जातात’ असं छापू?”

थोरलीनं तिच्याकडं पाहिलं आणि काय झालं कोण जाणे, पुढं होऊन तिचा दंड धरला. “नाही गं. चांगलं केलंस. निदान गावात तरी अब्रू राखलीस.” तेरा वर्षांत या दोघी जावा एका बाजूला आल्या त्या अशा.

थोरला दारात उभा होता. चिठ्ठी त्यानंही ऐकली होती. पुढं येऊन ती त्यानं हातात घेतली, एकदा डोळ्यांखालून घातली, खिशात ठेवली.

“आप्पा कुठं आहेत?”

“आई आणि ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेलेत,” थोरली म्हणाली. “सकाळी सातला.”

“सातला कुठला डॉक्टर उघडतो?”

“आता ते तोंड लपवायला गेलेत म्हणू का मी?”

“नको,” थोरला म्हणाला, आणि पुन्हा खाली गेला. त्या चाकाचा आऊट अजून थोडा राहिला होता.

*

साडेअकराला धाकटा आला, टेंपोतून नव्या सायकलींचे खोके घेऊन, शीळ वाजवत. त्याच्याशी रस्त्यात तिघांनी हात मिळवला होता. का, ते विचारायचं सुचलं नव्हतं. लोक त्याच्याशी हात मिळवतातच. काउंटर त्याचा, गप्पा त्याच्या, रविवारच्या फेऱ्या त्याच्या. नवी सायकल घ्यायला आलेला माणूस धाकट्याच्या तावडीतून दोन दिवे आणि पाण्याची बाटली घेतल्याशिवाय सुटत नसे.

वर आल्यावर त्याला सगळं कळलं आणि तो खुर्चीत बसला नाही, कोसळला.

“मला नको!”

“शू,” त्याची बायको म्हणाली.

“शू काय? अगं, मला आऊट काढता येत नाही! एकदा दादानं शिकवलं होतं. मी काढल्यावर ते चाक असं फिरत होतं की मान हलवून नाही-नाही म्हणतंय.” त्यानं फोन काढला. “आणि हे बघ काय आलंय. एकशे अकरा उत्तरं. ग्रंथालयातल्या बाई: ‘धाकट्यांचं अभिनंदन. माझं चाक मात्र थोरल्यांच्या घरी आणून देईन, पत्ता कळवावा.’ पोस्टमन: ‘थोरले नाहीत तर मी चालत जाईन.’ हा कोण आहे? ‘घंटी सायकलची नसेल, दाराची असेल तर चालेल का?’”

“चालेल म्हणून सांग,” धाकटी सवयीनं म्हणाली.

एवढ्यात आत्या आल्या. आप्पांची मोठी बहीण, शाळेतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी वर्गात शिरल्यासारख्याच येतात. शनिवारी जेवायला यायचं हा त्यांचा नेम, आणि ‘चाकोरी’ त्या जिन्यात उभं राहून वाचतात.

“बापाचं दुकान,” आत्या पर्स ठेवत म्हणाल्या, “बाप ठरवेल. यात रडायचं काय?”

“आत्या, मलाच नकोय,” धाकटा म्हणाला.

“नको म्हणजे? आयतं ताट पुढं आलंय आणि नको? मग तुझ्या भावाला असं बाहेर काढून मिळवलंस काय?”

“मी कुठं काढलं!”

“तुझ्या बापानं काढलं. सव्वीस वर्षं राबलेल्या पोराला असं चिठ्ठी लिहून? हा माणूस आहे की काय!” तीन वाक्यांत आत्यांनी पक्ष बदलला आणि आपण आधीपासून इथंच होतो अशा चेहऱ्यानं थोरलीशेजारी जाऊन बसल्या. “तू काही बोलत कशी नाहीस गं? मी असते तर भांडी आपटली असती.”

“आपटून झाली,” थोरली म्हणाली.

ती विचार करत होती. राग होताच. पण रागाखाली काहीतरी वेगळंच हलायला लागलं होतं. सव्वीस वर्षं तिनं नवऱ्याबरोबर एक रविवार घालवला नव्हता. गाव फेरीला निघायचं आणि हा मागून गाडीत पंप आणि पट्ट्या घेऊन, कुणाची हवा गेली तर. मोठ्या रस्त्यावरच्या खेळाच्या दुकानानं त्याला दोनदा बोलावलं होतं. मागं त्यानं हसून सोडून दिलं होतं.

“जाऊ दे,” ती अचानक म्हणाली. “बरंच झालं. आपण जाऊ. तिथं त्याला रविवारची सुट्टी आहे.”

आता धाकटीचे डोळे भरले. “वहिनी, तुम्ही गेलात तर मी इथं कुणाशी भांडू?”

“मी आहे ना,” आत्या म्हणाल्या. “वाटल्यास दुकानही मी बघते. हवा भरायची त्यात काय एवढं.”

खाली, दुकानात, थोरल्यानं चाकाचा आऊट पुरता काढला होता. चाक फिरवून सोडलं तर ते न डुलता, न कुरकुरता फिरत राहिलं. मग त्यानं स्वतःचे पाने वेगळे केले. दुकानाचे एका बाजूला, आपले एका बाजूला. आपले कापडी पिशवीत. हे तो अगदी शांतपणे करत होता, आणि तेच त्याला आवडत नव्हतं. ओरडायला हवं होतं आपण. बापाशी भांडायला हवं होतं. पण मनात फक्त एकच गोष्ट येत होती, अगदी पोरकट: ‘बरं केलंस’ एवढं एकदा ऐकायचं होतं त्यांच्याकडून. आता राहिलंच ते.

*

त्या वेळी आप्पा घामाघूम होऊन, जोडसायकल हातानं ढकलत, टेकडीच्या रस्त्यानं घरी येत होते. दोन जणांची, दोन सीटांची ती लांबलचक सायकल त्यांच्या लग्नाइतकी जुनी. बाजूनं आई चालत होत्या, धाकट्याची जुनी ट्रॅकपँट घालून आणि पाय फाकवून, कारण सवय नव्हती.

डोळ्यांचे डॉक्टर वगैरे काही नव्हतं. आईंनी महिन्यापूर्वी विचारलं होतं, “आयुष्यभर दर रविवारी अख्खं गाव फिरवून आणलंत. मला कधी नेलंत?” म्हणून उद्याच्या फेरीला दोघांनी जोडसायकलवर यायचं, कुणाला ताकास तूर लागू द्यायची नाही, असं ठरलं. गेले तीन शनिवार दोघं टेकडीवर जात होते आणि तीनही वेळा अर्ध्यातून ढकलत परत येत होते. गुडघे. चौऱ्याहत्तर वर्षांचे गुडघे.

वाटेत हेडमास्तर भेटले. त्यांच्या ब्रेकचा आवाज आधी आला, मग ते आले.

“आप्पा,” हेडमास्तर गंभीर होऊन म्हणाले, “थोरल्याबद्दल कळलं.”

आप्पांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सगळ्या गावाला माहीत आहे.”

“हात्तीच्या!” आप्पा पुटपुटले. मग मान ताठ केली. “काय करणार मास्तर. झेपेना. पन्नास वर्षं ओढला. आता गुडघे नाही म्हणतात.”

“गुडघे?” हेडमास्तर म्हणाले. “पण त्याला एकदम असं... काढून...”

“एकदमच काढावा लागतो. हळूहळू कसा काढणार?”

“मग तो राहणार कुठं?”

“राहायचं काय त्यात? तेल लावीन, जुन्या कागदात गुंडाळीन, माळ्यावर टाकीन. फेकणार नाही. जीव आहे माझा त्याच्यावर.”

हेडमास्तरांनी आईंकडं पाहिलं. आई गोड हसल्या. “मी तर म्हटलं, भंगारात द्या,” त्या म्हणाल्या. “पण यांना माया फार.”

हेडमास्तर ब्रेक न लावता निघून गेले.

*

दोघं दुकानात शिरले तेव्हा सगळं घर खाली उतरून उभं होतं. वर जेवण निवत होतं. थोरल्याच्या हातात पिशवी होती. आईंच्या ट्रॅकपँटकडं पाहून आत्या काहीतरी बोलणार होत्या, पण आधी धाकटा पुढं झाला.

“आप्पा, मी बसणार नाही.”

“कशावर?”

“तुमच्या जागेवर. दादाला काढून मला बसवताय ना? मी नाही बसणार. मला आऊट काढता येत नाही आणि शिकायचाही नाही.”

“याला ऊन लागलंय का?” आप्पांनी विचारलं.

थोरल्यानं खिशातली चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. “तुमचंच अक्षर आहे ना?”

आप्पांनी खिसे चाचपले, चष्मा सापडला नाही, चिठ्ठी हातभर लांब धरली. “माझंच. कामाच्या खिळ्यावर लावली होती, तुझ्यासाठी. मग? आता काढतोस ना?”

“काय काढू?”

“थोरला! या सायकलचा!” आप्पांनी जोडसायकलच्या पुढच्या, पॅडलजवळच्या मोठ्या दातेरी चक्राकडं बोट केलं. “हा काढून धाकटा बसवायचा, लहान. म्हणजे टेकडी चढताना हलकं जाईल. यात न समजण्यासारखं काय आहे?”

मग आईंनी कपाळावर हात मारला.

“अहो! पुढच्या चक्रांना तुमचे वडील थोरला आणि धाकटा म्हणायचे. मुलं झाल्यावर मीच बंद करायला लावलं ते. ‘थोरला आण’ म्हटलं की गिऱ्हाईक पाळण्याकडं बघायचं. या पोरांनी तो शब्द कधी ऐकलाच नाही!”

“मला काय आठवण,” आप्पा म्हणाले. “लिहिताना आपसूक आलं.”

“आणि खिळा उजवा होता, आप्पा,” धाकटी म्हणाली. “‘चाकोरी’चा.”

“उजवा कसा असेल?”

“चष्मा नसला की असतो,” आई म्हणाल्या.

धाकट्याला आधी हसू फुटलं. मग धाकटीला, मग आत्यांना. आत्या तर हेडमास्तरांच्या ब्रेकसारखा आवाज करत हसल्या. धाकटीनं ‘चाकोरी’ वाचून दाखवली. निरोप समारंभापाशी आईंनी टेबलाचा आधार घेतला. “देवा, तो मास्तर!” त्या म्हणाल्या. “मी त्याला सांगितलं, भंगारात द्या म्हणून!” आप्पासुद्धा हसले, दोन्ही खांदे हलवत.

थोरला हसला नाही. त्याच्या बायकोनं ते पाहिलं आणि तिचंही हसू थांबलं.

“आप्पा,” तो म्हणाला, “ही चिठ्ठी वाचल्यावर मला एकदाही वाटलं नाही की ही चूक असेल.”

“अरे, झालं ना आता. कळलं ना.”

“नाही, ऐका. मी विचारायलाही आलो नाही तुम्हाला. पाने भरले. मला ते खरंच वाटलं. थोरला झेपत नाही, जड जातो. वाटलं, असंच म्हणत असणार हे मनात. सव्वीस वर्षं असंच म्हणत असणार.” त्यानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “आणि मलाच नाही. इथल्या एकालाही वाटलं नाही की आप्पा असं लिहिणार नाहीत.”

धाकट्यानं मान खाली घातली. आत्यांनी पर्सचा चाप उघडला आणि मिटला.

आप्पा जोडसायकलच्या मागच्या सीटला हात धरून उभे होते.

“चिठ्ठी का लिहिली, माहीत आहे?” ते शेवटी म्हणाले. “तू दहा पावलांवर असतोस. तोंडानं सांगता आलं असतं. लाज वाटली. माझे पाय चालत नाहीत हे तुला कसं सांगू? म्हणून ‘चर्चा नको’. तू विचारशील, काय झालं आप्पा, दुखतंय का, अशी भीती होती.”

“दुखतंय का?”

“दुखतंय तर.”

थोरल्यानं पिशवी खाली ठेवली. तो सायकलपाशी उकिडवा बसला, मागचं चाक उचलून फिरवलं, त्याच्या मध्यावरचं दातेरी चक्र बोटानं मोजलं. कामाला लागल्यावर त्याचा चेहरा नेहमीसारखा झाला.

“पुढचं काढायची गरजच नाही,” तो म्हणाला. “पुढं एवढं लहान बसवलंत तर सपाट रस्त्यावर नुसते पाय फिरवत बसाल. मागचं बदलू. अठरा दात्यांचं आहे, बावीसचं लावतो. टेकडी चढेल आणि पुढचंही राहील. अर्ध्या तासाचं काम.” त्यानं वर पाहिलं. “मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं.”

“तेच तर मला जमत नाही ना,” आप्पा म्हणाले.

मग ते एकदम धाकट्या सुनेकडं वळले. “फोन काढ. लिही. आत्ताच्या आत्ता पाठवायचं.”

धाकटीनं फोन काढला.

“‘आजच्या चाकोरीत खिळ्याच्या चुकीमुळं...’”

“खिळ्यानं काय केलं?” आईंनी विचारलं.

“‘चष्म्याच्या चुकीमुळं...’”

आई नुसत्या बघत राहिल्या.

“बरं. ‘माझ्या चुकीमुळं गैरसमज झाला. थोरला कुठंही जात नाही.’ लिहिलंस? पुढं लिही. ‘दुकान त्याचं आहे.’”

धाकटीची बोटं थांबली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. धाकटा दोन्ही हात जोडून, ओठ न हलवता, लिही लिही म्हणत होता.

“आप्पा, राहू द्या,” थोरला म्हणाला. “मी त्यासाठी नव्हतो बोलत.”

“तू मध्ये बोलू नकोस. तू बोललास तेवढं पुरे झालं.” आप्पा स्टुलावर बसले. “तो शर्यतवाला आला होता, आठवतो? दुसऱ्या दिवशी सकाळी शर्यत आणि चाक मोडून आणलेलं. मी ते दोनदा बांधलं. दोनदा! आऊट जाईना. मग डोकं दुखतंय म्हणून वर जाऊन झोपलो. डोकं कुठलं दुखतंय, हात टेकले होते. सकाळी खाली आलो तर चाक तयार, आकड्याला लटकवलेलं. फिरवून बघितलं. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. केसभर हलत नव्हतं. असं चाक मला कधी जमलं नव्हतं, माझ्या बापालाही नाही. आणि हा टेबलापाशी उभा, माझ्याकडं बघत.”

“मग तुम्ही काय म्हणालात?” थोरलीनं विचारलं. ही गोष्ट तिला नवऱ्यानं कधी सांगितली नव्हती.

“म्हणालो, ‘चहा झाला का?’”

आप्पांनी चष्म्यासाठी पुन्हा खिसा चाचपला.

“त्या दिवसापासून दुकान त्याचं. मला तेव्हाच कळलं होतं. लिही तसं. ‘दुकान बारा वर्षांपासून त्याचंच आहे. मी सांगायचं विसरलो.’” आप्पांनी आईंकडं पाहिलं आणि स्वतःच मान हलवली. “नाही. ‘मी सांगायचं टाळलं.’ असं लिही.”

धाकटीनं लिहिलं. तिला नीट दिसत नव्हतं, तरी लिहिलं.

“चौदा,” थोरला म्हणाला.

“काय?”

तो अजून मागच्या चाकापाशीच बसला होता, मान खाली घालून, काळ्या हातांनी तारा चाचपत.

“बारा नाही, आप्पा. चौदा वर्षं झाली त्याला.”

आप्पांनी त्याच्या वाकलेल्या मानेकडं पाहिलं. मग धाकटीला म्हणाले, “चौदा लिही.”